कुंपणापलीकडचे रोमन

काल संध्याकाळी मागच्या दारी मेथी निवडत बसले होते, तर कुंपणावरून काकूंचा आवाज आला.

"काय गं, तुझी भाची इंग्लंडात जाऊन रोमन लोकांचा इतिहास शिकतीय म्हणे? आहेत का अजून ते?"

"सगळे गेले, काकू. दीड हजार वर्षं झाली."

"मग पोटाला काय मिळणार त्यातनं?"

हे आमच्या दाजींनीही विचारून झालंय, जरा वरच्या पट्टीत. पोरगी न्यूकॅसलला आहे, लॅटिन शून्यापासून शिकतेय. काकूंना वाटलं, झेपतंय का तिला? मी म्हटलं, लॅटिनच्या विभक्त्या सहाच. संस्कृतच्या आठ घोकलेल्या पोरीला सूटच मिळाली म्हणायची.

"आणि राजे किती पाठ करायचे?"

"राजे कमीच. ती खापरं वाचते."

मग रोमनांच्याही आधीची, ग्रीकांच्या अथेन्सची गोष्ट सांगितली. तिथं वर्षातून एकदा लोकांना विचारायचे, यंदा कुणाला घालवायचं आहे का? बहुमत हो म्हणालं, की ठरल्या दिवशी जो तो फुटक्या खापरावर एक नाव कोरून आणायचा. निदान सहा हजार खापरं जमली, तर ज्याच्या नावाची जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर.

काकू कुंपणाला चिकटल्या. "आणि जमीनजुमला?"

"तो त्याचाच राहायचा. थेमिस्टोक्लिस म्हणून मोठा पुढारी होता, इराणचं आरमार सालामिसला बुडवणारा. त्याच्या नावाची १९० खापरं एका जुन्या विहिरीत सापडली. अक्षरं ताडून बघितली, तर लिहिणारे हात जेमतेम चौदा!"

"म्हणजे गठ्ठे आधीच लिहून तयार!" काकूंनी टाळीच वाजवली. "अगं, आमच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत..." पुढचं मी इथं लिहीत नाही. पण अभ्यासकांचा अंदाजही हाच आहे, आणि काकूंना तो बांधायला तीन सेकंद लागली.

मला चेव आला. भाचीच्या युनिव्हर्सिटीपासून तासाभरावर विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं आहे, हेड्रियनच्या ११७ किलोमीटर लांब भिंतीजवळ. तिथल्या चिखलातून १९७३ पासून पोस्टकार्डाएवढ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या निघताहेत, शाईनं लिहिलेल्या. हवा लागली नाही म्हणून टिकल्या. कुणी बिअर संपलीय, पाठवा म्हणतो. कुणाला पायमोजे, सपाता आणि दोन चड्ड्या पाठवल्यात.

"चड्ड्यासुद्धा लिहून?"

"सुद्धा! आणि एका अधिकाऱ्याच्या बायकोनं, क्लाउडिया सेवेरानं, मैत्रिणीला बोलावणं धाडलंय, ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस आहे, नक्की ये म्हणून. मजकूर कारकुनाचा, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन दुसरीकडं क्वचितच मिळतं."

"मैत्रीण गेली का मग?"

"ते नाही सापडलं."

काकू हळहळल्या. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा वाढदिवस, पण त्यांचा जीव त्यात अडकला.

"पण एवढं लांब गेली पोरगी. आपल्याकडं असलं काही नव्हतंच का?"

"नव्हतं कसं? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणलं, तर ग्रीकांचा समुद्रदेव निघाला. पोसायडन. काशाची छोटी मूर्ती आहे. तेव्हाचा व्यापार रोमपर्यंत होता ना! टाउन हॉलच्या संग्रहालयात ठेवलाय."

"टाउन हॉल? मी रोज सकाळी तिथल्या बागेत फिरते!" काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं. बरा पोचला."

तेवढ्यात त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. जाता जाता वळून म्हणाल्या, "भाची दिवाळीत आली की मला घेऊन जायला सांग त्याच्याकडं. आणि त्या खापरांचं एवढ्यात कुणाकडं बोलू नकोस. शनिवारी भिशीत मी सांगणार आहे."