गच्ची कोणाची?

बदलापुरात फ्लॅट न घेता स्वतः घर बांधणारा माणूस दिसला की सल्लागारांची रीघ लागते. पूर्वी देवघर ईशान्येलाच हवं म्हणणारे काका आता सोलर पॅनेल दक्षिणेलाच हवं म्हणतात. आवाज तोच.

मेव्हण्याने विजेसाठी पवनचक्की सुचवली. आमच्याकडे वारा येतो, नाही असं नाही. पण तो पावसाबरोबर येतो आणि कोणाचे तरी पत्रे घेऊन जातो. गोबरगॅससाठी आधी गोठा हवा. उरला सूर्य.

सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉट म्हणजे दिवसाला साधारण चार युनिट, जागा शंभर चौरस फूट. म्हणजे तीनशे फूट गच्ची गेली. इथून घरात खरं राजकारण सुरू झालं. आईला एप्रिलच्या उन्हात कुरडया घालायच्या आहेत, बायकोला कपड्यांच्या दोऱ्या बांधायच्या आहेत, प्लंबरला टाकी बसवायची आहे. मिस्त्री तर सांगून मोकळा झाला, "इथल्या पावसात वर पत्र्याची शेड नसेल तर दोन वर्षांत स्लॅब गळणार." शेवटी पॅनेल उंच सांगाड्यावर आणि कुरडया त्यांच्याखाली, असा तोडगा निघाला. आईने विचारलं, "सावलीत कुरडया वाळतात का रे?" कोणी काही बोललं नाही.

उल्हासनगरच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. "साईं, लाइट गेली की हे पण बंद." बॅटरी नसेल तर यंत्रणा आपोआप थांबते, कारण आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम योग्यच आहे. बाबांना तो पटला, पण पचला नाही. "म्हणजे डोक्यावर वीजघर आणि हातात पुठ्ठा!" बॅटरी घेता येते, पण तिला अनुदान नाही.

एवढं जमवूनही सूर्य आपलाच राहील याची हमी कोण देणार? रांगेतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटू शकते, आणि आमच्या दक्षिणेकडच्या प्लॉटवर सात मजल्यांचा बोर्ड लागला आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचं बरं आहे. १०६० सालचं ते देऊळ, गाभारा वरून उघडा, आणि संरक्षित स्मारक असल्यामुळे भोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी. उन्हाचा एवढा पक्का बंदोबस्त या पट्ट्यात फक्त महादेवाचा आहे.

तुम्ही बांधणार असाल तर स्लॅब टाकण्याआधीच वायरींसाठी पाइप सोडून घ्या, टाकी उत्तरेला ढकला, आणि दक्षिणेकडचा प्लॉट कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघून या.