दाही दिशांचा साक्षीदार

समोरचे एक दृश्य धड न्याहाळण्याची ज्यांस फुरसत नाही, अशा गृहस्थांच्या सोयीसाठी चौफेर चित्र टिपणारी चिमुकली यंत्रे फोनच्या सेवेत रुजू होऊन बराच काळ लोटला; 2011 साली आयफोन 4 ला अडकवायचा कोजेटो डॉट आला, 2016 साली इन्स्टा360 नॅनो आला, आणि यांतले कोणते घ्यावे हा मामला तेव्हापासून ग्राहकाच्या दरबारी प्रलंबित आहे. नॅनोसारख्या यंत्रांत पाठीला पाठ लावून बसविलेली दोन मत्स्यनेत्री भिंगे प्रत्येकी 180 अंशांहून किंचित अधिक पाहतात आणि त्यांच्या जबान्या जुळवून सॉफ्टवेअर एक अखंड गोल सिद्ध करते, हे खरे. परंतु त्या सांध्यापाशी जवळ उभ्या राहिलेल्या काकूंचा एक खांदा बेवारस ठरतो, याचा उल्लेख जाहिरातीत आढळत नाही. दर्जा, तेज आणि किंमत यांचा कितीही ऊहापोह केला, तरी अखेरचा निवाडा फोनचे चार्जिंगचे छिद्रच देते. कारण जुन्या आयफोनच्या लाइटनिंग छिद्राचे यंत्र यूएसबी-सीच्या दारी उपरे ठरते, आणि 2023 साली खुद्द आयफोनने आपले छिद्र बदलताच कालचा सर्वसाक्षी विनाचौकशी बडतर्फ झाला. सबब, सुज्ञाने आधी फोनचे बूड पाहावे, मग ब्रह्मांड.