कितव्या पानावर आहात?

राजेगावात तुमच्या हातात कुणी पुस्तक पाहिलं, की लगेच विचारतो, "काय वाचून राहिला भाऊ?"

पुण्यात हाच प्रश्न "सध्या काय वाचताय?" असा येतो. अर्थ एकच, पण इकडच्या बोलीत 'राहिला' आहे. म्हणजे वाचन चालू आहे. माणूस अजून पुस्तकाच्या आत आहे, बाहेर आलेला नाही. मग त्याचं मतही अर्धंच असणार ना?

असू द्या. मला तेच अर्धं मत हवंय. पूर्ण मतांचा कंटाळा आलाय.

"अप्रतिम." "अंतर्मुख करणारं." "प्रत्येकानं वाचायलाच हवं." ही मतं कोणत्या पुस्तकाबद्दल आहेत, सांगा बघू? नाही सांगता येणार. कोणत्याही पुस्तकाला ती चिकटतात. जे मत दहा पुस्तकांना लागू पडतं, ते एकाबद्दलही काही सांगत नाही.

"एका बैठकीत संपवलं" ही तर हल्लीची सर्वांत मोठी शाबासकी. लिहिणाऱ्याची चार वर्षं गेली, तुम्ही चार तासांत उठलात. मधे एकदाही थांबावंसं वाटलं नाही? मागचं पान उलटून पुन्हा पाहावंसं वाटलं नाही? मग हे वाचणं कसलं? ही धाव झाली.

प्रकाशन समारंभात जा. पाहुणा माइक हातात घेऊन पहिलं वाक्य काय बोलतो? "पुस्तक कालच हाती आलं, नीट वाचून झालं नाही, पण चाळलं." त्यानंतर तो पाऊण तास बोलतो.

धानाच्या मुलखात 'चाळलं' हा शब्द जपून वापरावा. तांदूळ चाळला की दाणा वर राहतो आणि कणी खाली पडते, हे इथली कोणतीही बाई सांगेल. या पाहुण्यांच्या भाषणात नुसती कणी असते.

आणि मलपृष्ठावरची पाठराखण? ती लिहिणारा बहुधा लेखकाचा मित्र, गुरू नाहीतर शेजारी. पुस्तकाची पाठ राखायला माणूस हवाच, मान्य. पण वाचकाची बाजू कुणी राखायची?

वाचकानेच. दुसरं कोण येणार आहे?

आता राजेगावकडे वळू. हे बालाघाट जिल्ह्यातलं, मध्य प्रदेशातलं गाव. या पट्ट्यात बाघ नदी हीच दोन राज्यांची सीमा. नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत दोन्ही तीर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मग इकडच्यांचं भोपाळ झालं, तिकडच्यांची मुंबई. लेकी मात्र अजून दोन्हीकडे दिल्या जातात. माझं आजोळ इथलं, ते त्याचमुळे.

या नदीकाठच्या बांध्यांमध्ये सारस चरतात. दरवर्षी उन्हाळ्यात गोंदिया आणि बालाघाट, दोन्ही जिल्ह्यांत त्यांची गणना होते. एकेक जोडी मोजली जाते. चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण दोन्ही काठांवर मिळून मराठी वाचणारे किती उरले, ते कुणी मोजलंय?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्या कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. अनुदान अपुरं, इमारती गळक्या, सगळं खरं. पण कायदा तरी आहे. तो बाघ नदीच्या पाण्यापाशी येऊन थांबतो. राजेगावच्या माणसाला नवं मराठी पुस्तक हवं असेल, तर गोंदिया गाठायचं, नाहीतर नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याला सांगून ठेवायचं. आणि रोवणीच्या एका दिवसाच्या मजुरीत आज नवी जाडजूड कादंबरी येत नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. आनंद झाला, मलाही झाला. पण दर्जा दिल्लीहून निघाला, तसं एखादं पुस्तक नदी ओलांडून आलं का?

म्हणूनच इथे एक पुस्तक आलं, की त्याला किंमत असते. ते चार घरं फिरतं. चार मतं घेऊन येतं. आणि ती मतं चाळलेली नसतात.

मागच्या वर्षी मी शरद बाविस्करांचं 'भुरा' मामेभावाच्या घरी ठेवून आलो. दहावीला इंग्रजीत नापास झालेला धुळे जिल्ह्यातला मुलगा पुढे दिल्लीच्या जेएनयूत फ्रेंच शिकवायला उभा राहतो, त्याचं हे आत्मकथन. मामेभावाची मुलगी अकरावीत आहे. शाळा हिंदी माध्यमाची. घरी मराठी आणि पोवारी, दोन्ही चालतात. लिपी देवनागरीच असल्यामुळे वाचायला अडचण नाही, फक्त 'ळ' आला की जरा थांबते.

महिन्याभराने विचारलं. म्हणाली, "काका, सुरुवात लय आवडली. नापास झाल्यावर घरातले काय बोलतात, ते तर आमच्याच घरातलं लिहिलंय. पण पुढं परदेशातल्या विचारवंतांची नावं येऊन राहिली. तिथं अडले. निम्म्यावर आहे."

याला म्हणतात मत. काय आवडलं, कुठे आवडलं, का आवडलं, कुठे अडले, चारही गोष्टी आल्या. अकरा ओळींच्या परीक्षणात यातली एक सापडली तरी मी त्या परीक्षकाला चहा पाजीन.

आणि तिने पुढे जे विचारलं, त्याचं उत्तर मला अजून पुरतं सुचलेलं नाही. "काका, नापास होऊन जे प्रोफेसर झाले नाहीत, त्यांचं पुस्तक कोण लिहील?"

मामी सत्तरीच्या. त्यांच्याकडे 'श्यामची आई' आहे, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं, शिवण सुटलेलं. मधे खूण म्हणून वाळलेलं तेंदूचं पान. त्यांचं मत ऐका. "आई चांगली आहे. पण श्याम लय रडते बाप्पा."

साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यावर आजवर किती प्रबंध झाले असतील! रडण्याबद्दल मामींइतकं सरळ बोलायची हिंमत किती जणांनी केली? आणि गंमत अशी, की श्याम लय रडतो म्हणणाऱ्या मामी तेच पुस्तक आता कितव्यांदा वाचताहेत, हे त्यांनाही आठवत नाही. खोट काढणं आणि माया करणं, दोन्ही एकाच वेळी जमतं. घरच्या माणसाबद्दल आपण हेच करत नाही का?

पुस्तकाला घरचं माना, मग खरं बोलता येईल.

शिवाय 'श्यामची आई'ची रचना बघा. 42 रात्री. श्याम सांगतो, मित्र ऐकतात. ती ऐकण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे वाचन मुळात असंच होतं. एकाने वाचायचं, दहांनी ऐकायचं, मधे कुणी तरी अडवायचं.

श्रावणात पोथी लागते, तेव्हा एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे हुंकारा देतात. हुंकारा बंद पडला की वाचणाऱ्याला कळतं, अर्थ पोचला नाही. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चं वाचन विदर्भातल्या कितीतरी गावांत असंच चालतं. वर्षावासाच्या तीन महिन्यांत बुद्धविहारांत बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज थोडा थोडा वाचला जातो. आषाढी पौर्णिमेला सुरू, आश्विन पौर्णिमेला समाप्त. दिवसभर चिखलात पऱ्हे रोवून आलेल्या बाया संध्याकाळी पांढरी साडी नेसून येतात आणि ऐकतात. एखादी उठून विचारते, "हे परत वाच बरं." एका बैठकीत संपवण्याची कुणाला घाई नसते.

हा वाचक आपल्या साहित्यिकांच्या गणतीत आहे का? संमेलनात 'वाचक कमी झाला' असा परिसंवाद झडतो, तेव्हा मंचावरच्या कुणाला हे विहार आणि ही पारावरची पोथी आठवते का? तीन महिने रोज पुस्तकासमोर बसणारा माणूस वाचक नसेल, तर वाचक कोण?

आता न वाचता मत देणाऱ्यांची गोष्ट. ती नुसती कंटाळवाणी असती तर सोडून दिली असती. पण तिने नुकसान होतं.

नदीच्या या तीरावरचं उदाहरण: 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने गजानन माधव मुक्तिबोधांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. मुक्तिबोध मराठी घरातले, लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे लेखक. एका घरात दोन भाषा, आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांसारख्या. बंदीनंतर दोन वर्षांनी गजानन माधव गेले.

त्या तीरावरचं उदाहरण: माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला महाराष्ट्र सरकारने 6 डिसेंबर 2022 ला पुरस्कार जाहीर केला आणि 12 डिसेंबरला तो रद्द केला. ज्या परीक्षकांनी पुस्तक वाचून निवडलं होतं, ती समितीच बरखास्त केली. निषेध म्हणून ज्यांनी आपले पुरस्कार नाकारले, त्यांत 'भुरा'चे बाविस्करही होते.

सहा दिवस. त्या सहा दिवसांत तावातावाने बोललेल्या किती जणांनी ते पुस्तक उघडलं होतं? बाजूने बोलणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. गोंदिया-बालाघाटच्या माणसाने बंदुकीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. त्या पुस्तकावर बोलायचा पहिला हक्क त्याचा होता. वाचा, आणि मग झोडपायचं तर झोडपा. पण आधी वाचा.

न वाचता केलेली स्तुतीही तितकीच पोकळ. 18 जून 2025 ला निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले. त्या दिवशी प्रत्येक फोनवर 'अरण्यऋषी' आला, हात जोडलेली चित्रं आली. मी पाच जणांना फोन करून विचारलं, त्यांचं कोणतं पुस्तक वाचलंस? तिघे गप्प. एक म्हणाला, शाळेत धडा होता. पाचवा म्हणाला, "नवेगावबांधचे दिवस, दोनदा." मग त्याच्याशी तासभर बोललो.

नवेगावबांध आपलंच, गोंदिया जिल्ह्यातलं. चितमपल्लींनी तिथे वनखात्यात नोकरी केली आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली. मी सध्या त्यांचं 'चकवाचांदण' वाचून राहिलो. पान 140. रोज दहा पानांवर जात नाही, जाऊ देत नाही. छातीवर ठेवून वाचताना हाताला रग लागते, ही एक तक्रार. दुसरी मामेभावाची आहे, त्याने मधली काही पानं वाचली. "भाऊ, पाखरं लय आहेत यात. पण आमच्या बांधीतल्या एका पाखराचं नाव आमी दुसरंच सांगतो. ते यात दिसलं नाही."

मग सांग ना! लिहून ठेव! शब्दकोशवाल्यांची वाट कशाला पाहायची?

त्याने लिहिलं. पेन्सिलीने, समासात.

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हा नियम मला मान्य आहे. पण आपल्या स्वतःच्या, चार घरं फिरणाऱ्या प्रतीत जरूर लिहा. शेवटचं कोरं पान त्याच कामाचं. नाव नको, तारीख नको, विशेषणं तर मुळीच नकोत. कितव्या पानावर थांबलात, काय पटलं नाही, काय घरातलं वाटलं, तेवढं दोन ओळींत. पुढच्याने त्याखाली आपलं लिहावं. पटलं नाही तर वरच्याशी भांडावं.

'भुरा'ची ती प्रत अजून राजेगावातच आहे, आता तिसऱ्या घरी. शेवटच्या पानावर तीन नोंदी झाल्यात. मुलीच्या 'निम्म्यावर अडले' या ओळीखाली कुणी तरी लिहिलंय, 'पुढं जा, शेवटाला सोपं होते.' आणि त्याखाली पुन्हा तिचंच अक्षर आहे: 'झालं नाही सोपं. पण वाचलं पूर्ण.'

पाऊण पान अजून कोरं आहे.