कळवतो!

पाटीवर मिर्झा गालिब स्ट्रीट, पण कोलकात्याच्या तोंडी अजून फ्री स्कूल स्ट्रीटच. तिथं जुन्या रेकॉर्ड्सची जी मोजकी दुकानं उरलीत, त्यांतल्या एखाद्यात शनिवारी दुपारी रेकॉर्डबाबू हमखास भेटतात. खांद्याला झोळी, कपाळावर चढवलेला चष्मा. प्रत्येक दुकानात वेगळे असतात म्हणे, पण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्यांचं रेकॉर्ड पाहणं म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. आधी कव्हरचा वास. मग तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरून बल्बखाली तिरकी करायची. चरा दिसला की "ईश!" मग लेबलाशेजारी कोरलेला बारीक नंबर वाचायचा आणि खानदानाची चौकशी करायची : दमदमची की विलायती? दमदमचा कारखाना १९२८ चा, हे मला त्यांच्याकडून आजवर अकरा वेळा कळलंय. एचएमव्हीची आपली नाट्यगीतंसुद्धा तिथंच छापून निघायची. हे मला मराठी माणसाला सांगताना चेहरा असा, की बालगंधर्वांना लहानाचं मोठं यांनीच केलं!

एवढ्यात दुकानदाराच्या खर्चानं मातीच्या भांड्यातला चहा येतो. चहाबरोबर गौहर जान. १९०२ साली याच शहरात तिची रेकॉर्ड झाली. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोवरला छापायच्या. तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळावं म्हणून ती शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगते. बाबू ते बायकी आवाजात करून दाखवतात. आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं.

मग किंमत विचारतात. मान डोलावतात. "कळवतो, दादा."

मोबाइलवरच्या गाण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. "खरखर कुठाय त्यात?" पार्क स्ट्रीटचं म्युझिक वर्ल्ड २०१३ मध्ये बंद पडलं, तेव्हा त्यांना जणू सुतक लागलं होतं. तिथून शेवटचं काय घेतलंत, असं मी विचारलं. म्हणाले, "एसी फार छान होता हो त्यांचा."

एकदा रात्री त्यांना फोन केला, तर मागे पंकज मलिक गात होते, भरपूर खरखरीसह. यूट्यूब! "कुणीतरी आपली रेकॉर्ड लावून टाकलंय," बाबू ओशाळून म्हणाले. "प्रेसिंग दमदमचं आहे, म्हणून ऐकतोय."

गेल्या शनिवारी त्यांची तीन महिने 'पाहून ठेवलेली' एलपी जागेवर नव्हती.

"गेली," दुकानदार चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाला. "बेंगळुरूला. मोबाइलवरनंच पैसे आले."

"पण पाहिली कुणी?"

"फोटो पाठवला."

"आणि वास?"

दुकानदार पुढच्या खोक्यावर पत्ता लिहू लागला. बाबू बराच वेळ रिकाम्या खाच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्यांचा नंबर आहे का, दादा? दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात जरा अडखळते ती. सुई हलक्या हातानं ठेवा म्हणावं."