अंबडचा पॅचकरी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आणि तिला लागून असलेल्या सिडकोच्या घरांत जे नाना प्रकारचे छांदिष्ट आढळतात, त्यांत पॅचकरी हा संख्येने अगदी अल्प, परंतु अभ्यासकाने नजरेआड करू नये असा वर्ग आहे. सिंथेसायझर या विद्युत वाद्यातील एखाद्या नादाची जी संपूर्ण मांडणी स्मृतीत साठवता येते तिला पॅच म्हणतात, आणि पॅचकऱ्याचे सारे आयुष्य अशा मांडण्या घडवण्यात, मोडण्यात आणि त्यांची प्रत काढून ठेवण्यात जाते. वाजवणे हा त्याच्या दृष्टीने चाचणीचा भाग असून त्यासाठी मध्य सप्तकातील एक ‘सा’ त्याला पुरतो. शेजाऱ्यांना तोही पुरे झालेला असतो, ही गोष्ट वेगळी.

त्याच्याकडील वाद्य बहुधा यामाहा कंपनीचे डीएक्स-७ असते. १९८३ साली बाजारात आलेल्या आणि सुमारे १४ किलो वजनाच्या या वाद्याचा पाया स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये गवसलेल्या पद्धतीवर उभा आहे. या पद्धतीत एक साधी लहर दुसऱ्या साध्या लहरीची कंप्रता अतिशय वेगाने वरखाली करते आणि त्या ओढाताणीतून मूळ दोघींत नसलेले नवे स्वर उमटतात. दोन कंप्रतांचे गुणोत्तर पूर्णांकी असेल तर नाद सुरेल लागतो, नसेल तर तो घंटेसारखा धातूचा लागतो. डीएक्स-७ मध्ये अशा सहा लहरी ३२ प्रकारांनी एकमेकींशी जोडता येतात, प्रत्येकीचे चढउतार स्वतंत्रपणे ठरवता येतात, आणि नावाच्या दहा अक्षरांसह एका पॅचचा हिशेब १५५ आकड्यांवर जातो. एवढे आकडे बदलण्यासाठी वाद्यावर दोन ओळींचा पडदा, सपाट बटणे आणि एकच सरकपट्टी आहे. म्हणजे एका वेळी एकच आकडा दिसतो आणि बाकीचे लक्षात ठेवावे लागतात, जे दाराच्या फटीतून आतली खोली आवरण्यासारखे आहे. त्यामुळे या वाद्याच्या बहुतेक मालकांनी कारखान्यातून भरून आलेले नाद आहेत तसे वाजवले आणि सुखाने संसार केला.

पॅचकऱ्याचे तसे होत नाही. तो वाद्य संगणकाला जोडतो आणि सर्व आकडे एकाच वेळी पडद्यावर मांडणारी पॅच एडिटर ही आज्ञावली चालवतो. हा संवाद मिडी नावाच्या पद्धतीने होतो. पाच टाचण्यांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने संदेश जातात, आणि पॅचचा संदेश २४० या आकड्याने सुरू होऊन २४७ ने संपतो. एका वेळी ३२ पॅच पाठवायचे तर एकूण ४,१०४ बाइट जातात आणि त्याला दीड सेकंदही लागत नाही. स्वस्तातली केबल मात्र एवढा लांब संदेश एका घोटात गिळू शकत नाही, मध्येच काही बाइट सांडते, आणि पॅचकऱ्याचा रविवार तेथे संपतो.

या वर्गाची पैदास अंबडमध्येच का व्हावी, याचे उत्तर वसाहतीच्या शेडमध्ये सापडते. पॅचकरी नोकरीने प्रायः मेंटेनन्स विभागातला असतो. जुन्या सीएनसी यंत्राला, म्हणजे आकड्यांच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राला, संगणकावरून केबलने ‘प्रोग्रॅम टाकणे’ हे त्याचे रोजचे काम होय. तेथेही संदेश टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतो आणि त्याच चिन्हाने संपतो, दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही तर काहीच पोहोचत नाही, आणि बॅटरी गेली की पॅरामीटर उडतात. डीएक्स-७ च्या पोटातही तीन व्होल्टची एक चपटी बॅटरी झाळलेली असून ती संपली की सगळे पॅच नाहीसे होतात. कारखान्यात असे घडले तर ब्रेकडाउनचा अहवाल लिहावा लागतो आणि साहेबांची बोलणी खावी लागतात. घरी मात्र तेच संकट पॅचकरी चहा घेत, अत्यंत समाधानाने निस्तरतो. ज्या दिवशी सर्व काही सुरळीत चालते त्या दिवशी तो काहीसा उदास दिसतो.

वाद्याभोवती त्याने जमवलेला संसारही पाहण्यासारखा असतो. वाद्य जपानी बाजारातले असल्यास ते १०० व्होल्टवर चालते, म्हणून शेजारी एक ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असतो. नव्या संगणकाशी जुनी केबल बोलत नाही, म्हणून तिच्यासाठी एक जुना लॅपटॉप राखून ठेवलेला असतो. आणि त्या लॅपटॉपचाही चार्जर आता मिळत नाही, म्हणून दोन चार्जर मोडून एक केलेला असतो. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, त्याची हळहळ व्यापाऱ्यांखालोखाल यालाच वाटली असावी.

त्याचा जीवनध्यास म्हणजे गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा. मराठ्यांच्या वसईविजयाशी जोडली जाणारी ही घंटा नाशिककरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि डीएक्स-७ ला घंटानाद विशेष साधतो. तेव्हा ध्यास तर्काला सोडून नाही. अडचण नावापासून सुरू होते. पडद्यावर रोमन लिपीतील दहा अक्षरे मावतात आणि नारोशंकर अकरा अक्षरांचा आहे. पहिल्या आवृत्तीत एक अक्षर गाळून तो ‘नारोशंक्र’ झाला. पुढे आवृत्तीचा क्रमांकही त्याच दहा घरांत बसवणे भाग पडल्याने नाव शेवटाकडून झिजत गेले, आणि बारावी आवृत्ती ‘नारोशन१२’ या नावाने साठवली गेली. नादात फरक पडतो का, या प्रश्नावर घरातील मंडळींनी मौन पाळण्याचे धोरण फार पूर्वीच स्वीकारलेले आहे.

या वर्गाला अस्वस्थ करणारा प्रश्न एकच असून तो बहुधा मुलगा विचारतो. डेक्स्ड ही मोफत मिळणारी आज्ञावली डीएक्स-७ चे पॅच संपादित तर करतेच, पण ती मुळात त्या वाद्याची प्रतिकृती असल्यामुळे तेच नाद स्वतःही काढते. मग चौदा किलोचे धूड कशासाठी? यावर पॅचकरी जुन्या वाद्याच्या बारा बिटी परिवर्तकामुळे, म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागामुळे, येणाऱ्या खरखरीचे माहात्म्य सांगतो. तेवढ्याने भागले नाही तर तो मुंबईच्या चरणजित सिंग यांचा दाखला देतो, ज्यांनी १९८२ साली दहा रागांची सिंथेसायझरवरील तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि जिची थोरवी जगाला २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर कळली. जगाला कळायला वेळ लागतो, हा युक्तिवाद बिनतोड आहे; मात्र चरणजित सिंग वाजवत असत, एवढा तपशील त्यात राहून जातो.

गणेशोत्सवात मंडळाचा नेहमीचा कीबोर्डवाला पेनड्राइव्हवरून ढोलकी, बासरी आणि संबळ चढवून पाच मिनिटांत सज्ज होतो. त्याच मंडपात एकदा तरी आरतीला नारोशंकराची घंटा वाजावी असा पॅचकऱ्याचा आग्रह असतो आणि कार्यकर्ते जुन्या ओळखीखातर तो मान्य करतात. वाद्य येते, ट्रान्सफॉर्मर येतो, लॅपटॉप येतो. पॅच पाठवण्याच्या ऐन वेळी मंडपाचा फ्यूज उडतो. वीज परत आली की डीएक्स-७ आपल्या स्मृतीला आपणहून संरक्षणाचे कुलूप लावून घेते आणि ते काढल्याशिवाय बाहेरचा एकही पॅच आत घेत नाही. तशी सूचना पडद्यावर उमटतेही, परंतु त्या पडद्यामागे दिवा नसल्याने मंडपाच्या अंधारात ती कोणी वाचत नाही. आरती सुरू होते, घंटा वाजते, आणि काय हुबेहूब आवाज काढलाय म्हणून अध्यक्ष त्याची पाठ थोपटतात. वाजलेली घंटा यामाहाच्या कारखान्यातून १९८३ साली भरून आलेली असते. पॅचकरी ती पहिल्या ठोक्यालाच ओळखतो, हात जोडून स्तुती स्वीकारतो, आणि घरी परतल्यावर आपल्या बाराव्या आवृत्तीत नेमके काय चुकले ते या नव्या पुराव्याच्या आधारे तपासायला बसतो.