मुंबई, वजा कट्टी

इस्लापूरचा माणूस मुंबईला जातो तो तीनच कारणांनी. टाटा हॉस्पिटल, मंत्रालय किंवा भरती. कुणी पिशवी घेऊन स्टेशनकडे निघाला की यातलं कोणतं कारण ते गाव चेहऱ्यावरून ओळखतं आणि त्या हिशोबानं आवाज चढवतं नाहीतर उतरवतं. त्यामुळे आम्ही सगळे नुसते फिरायला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या काकांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग, कुणाला निघालं?"

आमच्याकडे पर्यटन नाही असं नाही. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आमच्या उशालाच आहे. पावसाळ्यात अलीकडून नांदेडची माणसं येतात, पलीकडून यवतमाळची. या काठाला मराठवाडा, त्या काठाला विदर्भ, आणि पाणी कुणाचीच परवानगी न घेता मधोमध खाली उडी मारतं. तिथं गाइड लागत नाही. कणसं भाजणारा माणूसच कुठं उभं राहायचं आणि आजवर कोण कुठून घसरलं ते सांगतो. माहिती, भीती आणि लिंबू-मीठ, सगळं कणसाच्या भावात.

पण ठाण्याच्या भाच्याला आजोबांना, म्हणजे आमच्या बापूंना, मुंबई 'व्यवस्थित' दाखवायची होती. त्यानं मोबाइलवरून एक प्रायव्हेट गायडेड टूर बुक केली. एसी गाडी, ड्रायव्हर, गाइड, पाण्याच्या बाटल्या आणि एका दिवसात शहराचे सगळे हायलाइट्स. पैसे किती पडले ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण बापू कोणत्याही रकमेचा उभ्या उभ्या कापूस करतात. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. व्यापारी काय देत होता ते विचारू नका. बापूंनी चष्मा घेतला तोही पंचवीस किलोंचा होता.

नंदिग्राम एक्सप्रेसनं आम्ही सीएसएमटीला उतरलो. बाहेर गाइड पाटी धरून उभा होता. गिरगावचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, परदेशी पाहुणे फिरवून तयार झालेला. आम्ही गाडीत बसायच्या आतच त्यानं स्टेशनकडे हात केला. "आपला पहिला हायलाइट! एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं डिझाइन, काम १८७८ ला सुरू, २००४ पासून जागतिक वारसा." मायनं वळून पाहिलं आणि मला म्हणाली, "आत्ता यातूनच तर आलो की. ह्याचेबी पैशे घेतले का काय?"

गेटवेला त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं. माझ्या पोराला हवेत चिमूट धरायला लावली आणि फोटोत ती चिमूट बरोबर गेटवेच्या डोक्यावर आणली. मग माहिती सुरू झाली. १९११ साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्यांच्या स्वागताची आठवण म्हणून ही कमान. कोनशिला १९१३ ची, काम पुरं झालं १९२४ ला.

"म्हंजे तो आला तवा ही नव्हतीच?" बापू.

"नाही. तेव्हा पुठ्ठ्याची उभी केली होती."

बापूंचा चेहरा उजळला. मंत्र्याच्या दौऱ्याला कापडाची कमान आणि चुन्याची फक्की आम्हीही पाहिली आहे. दौरा उरकल्यावर त्याच जागी खरोखरीची दगडी कमान बांधणारं सरकार मात्र त्यांना नवीन होतं. पुढे गाइडनं सांगितलं की १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. हे वाक्य तो बहुधा खालच्या आवाजात सांगत असावा, कारण पाहुणे इथे गंभीर होत असतील. बापू म्हणाले, "तवा आमच्याकडं निजाम तसाच बसेल होता. सप्टेंबरात सुटलो आम्ही. तुमच्याकडून निघालेलं आमच्याकडं उशिराच येते." मुलानं मान डोलावली. १७ सप्टेंबर त्याच्या पाठांतरात नव्हता.

ताज बाहेरून बघितलं. माय चहा म्हणाली. गाइडनं आतल्या चहाचा दर सांगितला, बापूंनी मनातल्या मनात वजन केलं, आणि आम्ही पुढे निघालो.

इथवर टूर कंपनीच्या हिशोबानं चालली होती. ती बिघडली हॉर्निमन सर्कलला. समोर टाउन हॉलच्या पायऱ्या, १८३३ ची इमारत, आत एशियाटिकचं ग्रंथालय. या गोल बागेच्या जागी पूर्वी मोकळं मैदान होतं, गाइड सहज बोलून गेला, तिथं कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला हलवला आणि नंतर शिवडीला. बस्स. गाडीच्या एसीत पेंगत आलेले बापू ताठ बसले.

"कोन्ता कापूस?"

गाइड गांगरला. कोणता कापूस, हा प्रश्न त्याला जर्मन माणसानं विचारला नव्हता. पण पोरगा हुशार. आठवून आठवून सांगायला लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला आल्या. मग सगळी भिस्त हिंदुस्थानी कापसावर. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, निजामाचा मुलूख, जिथं बोंड फुटेल तिथून माल मुंबईच्या बंदराकडे निघाला, आणि चार वर्षांत शहरात पैशाचा पूर आला. रेल्वे घाटावर चढवण्याची घाईसुद्धा बरीचशी कापसासाठीच होती.

"निजामाचा मुलूख," बापू म्हणाले. एवढंच. पण तिथून पुढे ते पाहुणे राहिले नाहीत, हिस्सेदार झाले.

"म्हंजे ते टेसनबी?"

"जीआयपी रेल्वेचं मुख्यालय होतं ते, त्यामुळे एका अर्थानं—"

"झालं तर." बापूंनी खिशातून छोटी डायरी काढली. त्या डायरीत एरवी फवारणी आणि उचल लिहिलेली असते.

ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर दिसला तेव्हा गाइडनं चूक ओळखली असावी, पण टॉवर २८० फुटी आहे, लपवता येत नाही. कापसाचा राजा म्हणवणारे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये युनिव्हर्सिटीला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि या मनोऱ्यासाठी आणखी दोन. अट एकच, नाव आईचं. आईला दिसत नव्हतं, दिवस मावळायच्या आत जेवण्याचा जैन नेम तिला घड्याळाच्या टोल्यांवर पाळता यावा म्हणून हा मनोरा, असं सांगतात. मायला ही गोष्ट इतकी आवडली की तिनं ती दुसऱ्यांदा सांगायला लावली आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघत ऐकली.

बापूंना पुढचं हवं होतं. १८६५ ला अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, मुंबईतल्या कंपन्या पटापट बुडाल्या आणि प्रेमचंदांचंही दिवाळं वाजलं. "भाव पडला," बापू म्हणाले आणि एका दमात दीडशे वर्षं ओलांडून त्या शेटच्या शेजारी जाऊन बसले. खरं तर ते शेट म्हणजे व्यापारी, आणि व्यापाऱ्याबद्दल बापूंचं मत छापण्यासारखं नाही. पण पडलेल्या भावापुढे जात बघायची नसते. पैसे मात्र आधीच युनिव्हर्सिटीकडे गेले होते. १८६९ ला पाया आणि १८७८ ला मनोरा पुरा.

"आर्किटेक्ट सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट," गाइडनं घोड्यासारखा शेवटचा दम लावला. "विशेष म्हणजे ते भारतात कधी आलेच नाहीत."

"मग त्यात काय विशेष? आमच्या पुलाचा इंजिनेरबी कुटं येते."

मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे कोरले आहेत. बापूंनी चष्मा पुसला आणि मैदानाच्या कडेला उभे राहून त्यात कुणबी शोधायला लागले. मागे पोरांची क्रिकेटची मॅच चालली होती, एक बॉल त्यांच्या चपलेला लागून गेला, त्यांना पत्ता नाही. "ह्यो पागोट्याचा कोन?" गाइडला ठाऊक नव्हतं. "तो काठीवाला?" तेही नाही. शेवटी उंचावरच्या एका ओणवलेल्या माणसाकडे बोट करून बापूंनी तो आपला म्हणून ठरवून टाकला. तो जवळजवळ नक्कीच कुणी सरदार होता. मी बोललो नाही.

मंत्रालय टूरमध्ये नव्हतं. गाडी त्याच्यासमोरून जाताना गाइड उलट्या बाजूच्या इमारती दाखवत होता. बापूंनी काचेवर टकटक करून गाडी हळू घ्यायला लावली. "हिथं आपली फाइल हाय," त्यांनी नातवाला सांगितलं, आणि नातवानं टूरमधला स्वतःच्या मनाचा एकमेव फोटो काढला. लोकांनी वरून उड्या टाकू नयेत म्हणून २०१८ पासून तिथं आत जाळी बांधलेली आहे. ते गाइडनं सांगितलं नाही, मीही नाही. बापूंना ते माहीत होतंच.

मग मरीन ड्राइव्ह. मायनं समुद्र बराच वेळ निरखला. एवढं पाणी, आणि पडत कुठूनच नाही, ही तिची एकंदर तक्रार. बॅक बेमध्ये भराव घालायला पहिली कंपनी कापसाच्या पैशावर निघाली, १८६५ ला बुडाली, आणि भरावाचं मोठं काम पुढं विसाव्या शतकात सरकारनं केलं, हे कळल्यावर बापूंनी डायरीत 'समुद्र, अर्धा' असं लिहिलं. मलबार हिलवरची बाग पाण्याच्या टाकीवर आहे म्हटल्यावर पाणी येतं कुठून याची चौकशी झाली. तानसा, वैतरणा, भातसा ही उत्तरं ऐकून माय म्हणाली, "एवढा समुंदर ठिवून दुसऱ्याच्या शिवारातलं पितेत व्हय!"

महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून बघायचा असतो. तिथं बरेच परदेशी लोक कॅमेरे घेऊन उभे होते. खाली दगडी हौदांत गुडघाभर पाण्यात माणसं कपडे आपटत होती. माय थोडा वेळ पाहून म्हणाली, "धुनं बघायला आले हे सगळे?" आमच्या नदीवर बायका धुणं धूत असताना कुणी पुलावरून फोटो काढला तर खालून काय येईल ते तिनं थोडक्यात सांगितलं. गाइडनं सावधपणे तिला कठड्यापासून दूर घेतलं.

आता अँटिलिया बाहेरून आणि एका नटाचा बंगला बाहेरून असे दोन हायलाइट उरले होते. बापू म्हणाले, लोकांची घरं राहू दे, शिवडीला चल. तिकडचं स्टेशनच कॉटन ग्रीन नावाचं आहे हे ड्रायव्हरनं मधल्या काळात फोडलं होतं. ड्रायव्हर निघाला परतूरचा. गाइडनं टूर कंपनीला फोन लावला, कंपनीनं बदलाचे जास्तीचे पैसे सांगितले, ड्रायव्हरनं फोन संपायच्या आत गाडी वळवली.

कॉटन ग्रीनला कापूस दिसला नाही. ट्रक, गोदामं आणि कॉटन एक्सचेंजची जुनी भारदस्त इमारत, एवढंच. गेटवरच्या वॉचमननं काम काय विचारलं. "भाव," बापू म्हणाले. वॉचमन ड्रायव्हरकडे बघायला लागला. तेवढ्यात मोबाइलवर मला त्या दिवशीचा दर सापडला, तो होता खंडीचा. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल कापूस. बापूंनी तिथंच गाडीच्या बॉनेटवर डायरी ठेवून हिशोब मांडला. आपल्याला मिळालेला भाव, रुईचा उतारा, सरकी वेगळी, जिनिंगचा खर्च. मधे कितीतरी रक्कम उरत होती. ती कुठं जाते ते त्यांनी मान वर करून एकदा इमारतीकडे बघून घेतलं.

सीएसएमटीला सोडताना गाइडनं मोबाइल पुढे केला. पाच तारे होते, बोटानं दाबायचे. तो नम्रपणे म्हणाला, पाच दिले तर त्याला बरं पडेल.

बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तू लई चांगला हायस. पन माल बघून बोलू." अडते आमच्या कापसात हात घालून बघतात आणि वजनातून कट्टी कापतात, तसा त्यांनी मुंबईच्या हवेत हात फिरवला. काडीकचरा बराच आहे, एक तारा कट्टी. राजाबाईवरचा कुणबी ओळखता आला नाही, अर्धा. आणि ओलावा. बारा टक्क्यांच्या वर गेला की सरकारी केंद्रावर गाडी परत पाठवतात, इथं तर शर्ट पिळून निघतो आहे.

"अहो काका, पण समुद्र आहे ना!"

"मंग वाळवून आनायचं," बापू म्हणाले आणि साडेतीनवर येऊन थांबले. मोबाइलला अर्धा तारा घेता येत नव्हता. मुलानं चार दाबू का म्हणून विचारलं. बापू म्हणाले, दाब, पण पावतीवर तीनच लिही.