पत्त्यांचा आवाज होत नाही, महोदय!

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा
मा. सभापती, महाराष्ट्र विधान परिषद

विषय : सभागृहाची शिस्त शिकवणेबाबत.

महोदय,

सविनय सादर की, आमच्याकडे ग्रामसभा भरली की फार गोंगाट होतो. शिस्त थोरामोठ्यांकडून शिकावी, म्हणून २०२५च्या पावसाळी अधिवेशनाचा अभ्यास केला.

परतूरचे आमदार बबनराव लोणीकर आमच्याच परभणी लोकसभा मतदारसंघातले. टीका करणाऱ्यांच्या अंगावरचे कपडे, पायातले बूट, हातातला मोबाइल हे सगळं सरकारमुळेच, असं ते भर कार्यक्रमात बोलले. हे सभागृहाबाहेर घडलं, सबब शिस्तभंग नाही. हा शेतकऱ्यांचा अपमान, असं म्हणत त्याचा जाब मागायला काँग्रेसचे आमदार नाना पटोले १ जुलैला थेट अध्यक्षांच्या आसनापर्यंत चढले. हे सभागृहात घडलं, सबब दिवसभर निलंबन.

मग तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची चित्रफीत आली. विधान परिषदेत बसलेले, हातात मोबाइल, मोबाइलवर रमी. मंत्री म्हणाले, खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात घालवत होतो. आम्ही मानलं. काही असो, घोषणा नाही, फलक नाही, आसन सोडणं नाही. एवढा शिस्तीत बसलेला माणूस आम्ही ग्रामसभेत पाहिला नाही. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारला गुणांची कदर आहे!

तात्पर्य आमच्या ध्यानात आलं : शेतकऱ्याचा पाणउतारा चालेल, आवाज चढता कामा नये.

एक शंका मात्र राहते. राज्यघटनेच्या कलम १९४ नं आमदाराला सभागृहात बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं, तिथल्या बोलण्यावरून कोर्टात खेचता येणार नाही असं कवचही दिलं. ते आमच्या वतीनं बोलण्यासाठीच ना? २०२१ मध्ये आपल्याच विधानसभेनं १२ आमदार वर्षभरासाठी बाहेर काढले. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ ला तो ठराव रद्द केला. आमदार अधिवेशनापलीकडेही बाहेर राहिला, तर शिक्षा मतदारसंघाला होते, असं न्यायालयाचं म्हणणं. मतदाराची आठवण कोर्टाला करून द्यावी लागली.

शेवटी एक विनंती. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात बोली चार हजारांच्या आसपास. आपल्याकडे आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकायची सोय आहे. तेवढी आमच्या मोंढ्यालाही लागू करावी.

कळावे.

आपला आज्ञाधारक,
एक कोरडवाहू मतदार
जि. परभणी